ऑटिझमच्या मुलांसाठी बँड, व्हेस्ट, स्मार्ट चष्मा वगैरे घेतलंय का कुणी? खरंच उपयोग होतो का?

अन्वयची_आई (नाशिक)

नमस्कार सगळ्यांना. बरेच दिवस नुसती वाचतेय, आज पहिल्यांदा लिहितेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मुलगा ६ वर्षांचा आहे. ऑटिझमचं निदान तो साडेतीन वर्षांचा असताना झालं, ओटी (ऑक्युपेशनल थेरपी) आणि स्पीच थेरपी दोन्ही चालू आहे. बोलतो थोडं, म्हणजे ऐकलेली वाक्यं जशीच्या तशी परत म्हणतो, पण स्वतःला काय होतंय ते सांगता येत नाही, आणि आमचा खरा प्रॉब्लेम तोच आहे. छान खेळत असतो आणि अचानक (आम्हाला तरी अचानकच वाटतं) कान दाबून ओरडायला लागतो, मनगट चावतो, डोकं भिंतीवर आपटतो. शांत व्हायला कधीकधी तासभर जातो. मिक्सर, कुकरची शिट्टी, समोरच्या मंगल कार्यालयातला बँजो, कशानेही होतं आणि कधी कधी तर कशानेच नाही.

आता झालंय काय की माझ्या दिरांनी एक व्हिडिओ पाठवला. मुलाच्या हाताला बँड बांधायचा आणि तो चिडायच्या आधीच आईच्या मोबाईलवर मेसेज येतो. किंमत ३८ हजार, वर ॲपचे महिन्याला वेगळे. मिस्टर म्हणतात ईएमआयवर घेऊन टाकू, एवढा खर्च करतोच आहोत. सासूबाई म्हणतात पोराला यंत्र कशाला लावताय. सेंटरमध्ये विचारलं तर एक मॅडम म्हणाल्या चांगलं असतं, दुसऱ्या म्हणाल्या त्यापेक्षा वजनाचं जॅकेट घ्या. मग रात्री यूट्यूबवर बघत बसले तर त्यात एक चष्मा दाखवला, मुलाला समोरच्याचा चेहरा बघून हसतोय की रागावलाय ते सांगणारा. आता डोक्याचा पार भुगा झालाय.

कुणी यातलं काही वापरलंय का? आणि अजून एक, तो हाताला काहीच ठेवत नाही. राखी बांधली की लगेच ओढून काढतो, शर्टाचं मागचं लेबल पण कापावं लागतं. मग बँड ठेवेल का?

---

मृण्मयी_ओटी (कोल्हापूर)

ताई, आधीच सांगून टाकते, मी ओटी म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, काही विकत नाही आणि कुठल्या कंपनीशी संबंध नाही. तुम्ही एका दमात तीन वेगळ्या गोष्टी विचारल्यात, बँड मोजतो, जॅकेट शरीराला काहीतरी जाणवून देतं आणि चष्मा शिकवतो. तिघांचा हिशोब वेगळा आहे. चष्म्याचं मला फार माहीत नाही, कुणीतरी सांगेल. पहिल्या दोनाचं सांगते, जरा लांबेल.

बँडमध्ये साधारण काय असतं बघा. हिरवा लाइट असतो तो त्वचेखालच्या रक्तावरून हृदयाचे ठोके मोजतो, एक सेन्सर हालचाल मोजतो, एक तापमान, आणि महागातल्या बँडमध्ये त्वचेला टेकणारे दोन छोटे धातूचे इलेक्ट्रोड असतात. माणूस घाबरला, चिडला, ताणात आला की घामाच्या ग्रंथी चालू होतात, घाम दिसत नसला तरी, आणि त्वचेतून वीज जरा सहज जाते. ते मोजतात. बाहेरून मूल शांत दिसतंय पण आत खळबळ चालू आहे, हे त्यातून कळू शकतं. अमेरिकेत एमआयटीमध्ये रोझलिंड पिकार्ड यांनी या विषयावर खूप वर्षं काम केलंय, एम्पॅटिका नावाची बँड बनवणारी कंपनी त्याच कामातून उभी राहिली. तेव्हा कल्पना हवेतली नाहीये.

तुमच्या प्रश्नाच्या अगदी जवळचा एक अभ्यास २०१९ मध्ये आला, नॉर्थईस्टर्न युनिव्हर्सिटीच्या मॅथ्यू गुडविन यांच्या टीमचा. हॉस्पिटलमध्ये ॲडमिट असलेली २० ऑटिस्टिक मुलं, हाताला बँड, आणि शेजारी माणूस बसून प्रत्येक वेळी मारामारी सुरू झाली की नोंद करतोय. असं ८७ तासांचं रेकॉर्डिंग, त्यात ५४८ वेळा मुलांनी कुणालातरी मारलं किंवा चावलं वगैरे. मग आधीच्या ३ मिनिटांच्या रीडिंगवरून पुढच्या १ मिनिटात काही होणार का ते कॉम्प्युटरला ओळखायला लावलं. सगळ्या मुलांसाठी एकच मॉडेल वापरलं तर स्कोअर ०.७१, त्या त्या मुलाचं स्वतःचं वेगळं मॉडेल बनवलं तर ०.८४. यात ०.५ म्हणजे छापा-काटा आणि १ म्हणजे दर वेळी बरोबर. म्हणजे वाईट नाहीच. पण आता तुमच्या घरी हे कसं लागू होतं ते बघा. तो अभ्यास दुसऱ्याला मारण्याचा होता, तुमचा अन्वय स्वतःला चावतोय, ते वेगळं असू शकतं. चांगला स्कोअर आला तो एकेका मुलाचं वेगळं मॉडेल बनवून, आणि त्यासाठी तासन् तास कुणीतरी नोंदी केल्या. बॉक्समधून काढून हाताला बांधलेला बँड तुमच्या मुलाला ओळखत नसतो. आणि सगळं जमलं तरी हातात मिळतं ते एक मिनिट.

शिवाय घाम उकाड्याने पण येतो. एप्रिल-मेमध्ये नाशिकला दुपारी पंख्याखाली बसलेलं मूल आणि घाबरलेलं मूल यात बँड फरक कसा करणार. हात फडफडवला की ठोक्यांचं रीडिंग बिघडतं, आणि आपली निम्मी मुलं दिवसभर हात फडफडवतात. अजून एक, झोपाळ्यावर खूश होऊन खिदळतंय तेव्हाही तो आकडा वर जातो आणि मिक्सरला घाबरलंय तेव्हाही. शरीर जोरात आहे एवढंच बँडला कळतं, का ते नाही.

म्हणून मी पालकांना एकच विचारते, मेसेज आला तर तुम्ही काय कराल? समजा तुम्ही बँकेत आहात, तो शाळेत आहे, मोबाईल वाजला. पुढे? शाळेतल्या बाईंना त्या मिनिटात काय करायचं ते ठरलेलं असेल, शांत कोपरा असेल, कानाला लावायला हेडफोन असेल तर बँडला अर्थ आहे. आणि हे सगळं असेल तर बँड नसतानाही निम्मं काम होतं.

३८ हजार खर्चायच्या आधी एक वही करा. मेल्टडाऊन (म्हणजे हे असं ओरडणं, चावणं, आपटणं) झाला की वेळ, जागा, आधी काय चाललं होतं, कोणता आवाज, शेवटचं कधी खाल्लं, रात्री झोप कशी झाली, शी कधी झाली. शेवटच्यावर हसू नका. ज्या मुलांना सांगता येत नाही त्यांच्यात बद्धकोष्ठ, दातदुखी, कानदुखी ही स्वतःला मारून घेण्याची फार कॉमन कारणं असतात आणि "काहीच कारण नसतं" वाल्या वेळांत तीच निघतात. मुलांच्या डॉक्टरांकडून दात, कान, पोट एकदा नीट तपासून घ्या.

जॅकेटचं. वजनाच्या जॅकेटवर जे अभ्यास झालेत ते छोटे आहेत आणि निकाल काही फार उत्साहाचे नाहीत. वजनाच्या पांघरुणावर इंग्लंडमध्ये एक नीट चाचणी झाली, २०१४ मध्ये छापून आली, झोप न येणाऱ्या ७३ ऑटिस्टिक मुलांवर. झोप काही वाढली नाही. पण गंमत म्हणजे मुलांना आणि आईबापांना साध्या पांघरुणापेक्षा तेच आवडलं! म्हणजे उपयोग शून्य असं मी म्हणणार नाही, काही मुलं दाबाने खरंच सैलावतात, मी रोज बघते. फक्त त्याने लक्ष वाढेल, बोलणं येईल असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. हवेने फुगणारी जॅकेटं पण आहेत, त्यात दाब कमी-जास्त करता येतो आणि दिवसभर वजन वाहावं लागत नाही, मला ती कल्पना जास्त पटते. काहीही घ्या, मुलाला ते स्वतःचं स्वतः काढता आलं पाहिजे. पांघरुणाला तर हा नियम जिवाचा आहे, लहान मूल खाली अडकलं तर गुदमरू शकतं.

हाताला काही ठेवत नाही त्याचं: मग हात सोडून द्या ना. कमरेला, खिशात, बुटाच्या वर मोज्याला, जिथे त्याला चालतं तिथून सुरू करायचं.

---

खवट_बाप

मॅडमनी सगळं लिहिलंय. मी फक्त एवढंच म्हणतो की ३८ हजारांत आमच्या इथे कितीतरी महिन्यांची स्पीच थेरपी होते. आणि ज्या ॲपला महिन्याचे पैसे लागतात ते कंपनी बंद पडली की ॲप पण बंद, बँड ड्रॉवरमध्ये. आमच्याकडे असा एक ड्रॉवरच आहे.

---

वाशीकर_न्यूजर्सी

चष्म्याबद्दल लिहितो. इथे त्याची खूप चर्चा झाली होती, माझी मुलगी स्पेक्ट्रमवर (म्हणजे ऑटिस्टिक) आहे त्यामुळे मी तेव्हा सगळं वाचून काढलेलं.

स्टॅनफर्डच्या डेनिस वॉल यांच्या लॅबमधला प्रोजेक्ट, गूगल ग्लासवर केलेला. चष्म्याच्या कॅमेऱ्याला समोरचा चेहरा दिसतो, मोबाईलवरचं ॲप त्यातले भाव ओळखतं, आनंद, राग, भीती, आश्चर्य असे, आणि मुलाला डोळ्याच्या कोपऱ्यात असलेल्या छोट्या स्क्रीनवर इमोजी दिसतो किंवा कानात शब्द ऐकू येतो. दिवसभर घालायचा नव्हता, घरच्यांबरोबर २० मिनिटांचं सेशन, आठवड्यातून ४ वेळा, ६ आठवडे. गेम पण होते, एकात मुलाने समोरच्याला एखादा भाव चेहऱ्यावर आणायला लावायचा. ६ ते १२ वयाची ७१ मुलं होती, सगळ्यांची नेहमीची थेरपी चालूच, त्यातल्या ४० जणांना चष्मा दिला. २०१९ मध्ये पेपर आला, चष्मा वापरणाऱ्यांचा सोशल स्किलचा स्कोअर साडेचार पॉइंटच्या आसपास जास्त वाढला. पण तो स्कोअर आईवडिलांनी दिलेल्या उत्तरांवरून काढतात आणि घरात चष्मा आहे की नाही हे आईवडिलांना माहीतच असणार ना, त्यामुळे त्यावर जरा जपूनच विश्वास ठेवायचा.

आणि आता मेन मुद्दा. गूगलने २०२३ मध्ये ग्लास विकणंच बंद केलं. त्यामुळे आज कुणी यूट्यूबचा जुना व्हिडिओ दाखवून "हे घ्या" म्हणत असेल तर नक्की काय घ्यायचं ते त्यालाच विचारा.

मला स्वतःला विचाराल तर त्या प्रोजेक्टमधला सगळ्यात चांगला भाग चष्मा नव्हताच, आईबाप आठवड्यातून ४ वेळा फोन बाजूला ठेवून २० मिनिटं मुलासमोर बसून तोंडं वेडीवाकडी करत खेळत होते हा होता. ते फुकटात करता येतं. आम्ही आरशासमोर करायचो, मुलगी माझ्या रागावलेल्या चेहऱ्याला अजून हसते, सो मच फॉर ट्रेनिंग.

आम्ही जे घेतलं आणि ज्याचा खरंच फायदा झाला ते म्हणजे जीपीएस. मुलगी घराबाहेर निघून जायची, आणि आमच्या मागे तळं आहे. या मुलांना पाण्याची ओढ असते बऱ्याचदा आणि बुडण्याची भीती हीच सगळ्यात मोठी. तिचा ट्रॅकर आम्ही पँटच्या आतल्या खिशात लावला, तिला काढता येणार नाही असा. बिल्डिंगच्या आत जीपीएस नीट चालत नाही हे लक्षात ठेवा, मॉलमध्ये भलतीकडेच दाखवतो. अन्वय पळतो का? पळत असेल तर मी ३८ हजारांच्या बँडआधी हे घेईन, आणि दाराला वरच्या बाजूला कडी.

---

स्पेक्ट्रम_पुणे

मी ऑटिस्टिक आहे. वय ३१, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, निदान मोठेपणी झालं. अशा चर्चेत आईबाप आणि थेरपिस्ट बोलतात आणि ज्याच्या हाताला बँड बांधायचा त्याच्या बाजूने कुणी बोलत नाही म्हणून लिहितोय. जरा स्पष्ट लिहिलं तर राग मानू नका काकू. (काकू म्हटलं पण तुम्ही बहुतेक माझ्याच वयाच्या असाल. सॉरी, ताई.)

पहिलं, चष्मा. चेहऱ्यावरून भावना ओळखता येतात हेच मुळात तितकं पक्कं नाही. लिसा फेल्डमन बॅरेट वगैरे मानसशास्त्रज्ञ मंडळींनी २०१९ मध्येच याचा मोठा आढावा घेतला होता, लोक रागावल्यावर भुवया आक्रसतातच असं नाही, आणि आक्रसल्या म्हणजे रागावलेत असंही नाही. माझे वडील विचार करतात तेव्हा मारायला उठल्यासारखे दिसतात. आता मशीन मला सांगणार "राग". झालं कल्याण. आणि दर वेळी आम्हीच तुमचे चेहरे शिकायचे का? डेमियन मिल्टन स्वतः ऑटिस्टिक आहेत, त्यांनी २०१२ मध्ये मांडलं की गैरसमज दोन्ही बाजूंनी असतो, आम्हाला तुम्ही कळत नाही तसे तुम्हालाही आम्ही कळत नाही. मग आमचे हात फडफडतात तेव्हा त्याचा अर्थ सांगणारा चष्मा आईबापांसाठी कुणी का बनवत नाही, असं मला नेहमी वाटतं.

दुसरं, बँड. मी स्वतः घड्याळ वापरतो आणि मला त्याचा प्रचंड फायदा होतो. पण ते घड्याळ मला सांगतं, माझ्या आईला नाही. मला भूक लागलीय, लघवीला लागलीय, थकलोय हे माझं मला वेळेवर कळत नाही, एकदम डोक्यावरून पाणी गेल्यावरच कळतं. म्हणून दर काही वेळाने मनगटावर एक हलकं व्हायब्रेशन, आवाज नाही, स्क्रीन नाही. ते आलं की पाणी प्यायचं, उठायचं, ऑफिसमध्ये गोंगाट वाढला असेल तर हेडफोन लावायचे. मीटिंग संपायला ५ मिनिटं राहिली की वेगळं, दोनदा. बस. अचानक काही बदललं की माझं डोकं फिरतं, आधी सांगितलं तर नाही फिरत. लहानपणी हे असतं तर शाळेतले निम्मे तमाशे झाले नसते असं वाटतं.

टेंपल ग्रँडिन (अमेरिकेतल्या प्राणीशास्त्रज्ञ, स्वतः ऑटिस्टिक) यांचं उदाहरण सगळे देतात, दाबाचं मशीन म्हटलं की. ॲरिझोनात मावशीच्या रँचवर गुरांना धरून ठेवायचं यंत्र त्यांनी पाहिलं आणि मग स्वतःसाठी तसं एक बनवलं. लोक विसरतात ते हे की त्याचा दांडा त्यांच्या स्वतःच्या हातात होता. किती दाबायचं, कधी थांबायचं, त्या ठरवायच्या. दुसऱ्या कुणी तो दांडा धरला असता तर ते यंत्र गुरांचंच राहिलं असतं.

तर ताई, जे काही घ्याल त्यात अन्वयला काय करता येतं ते बघा. बटण दाबून "बास" सांगता येत असेल, व्हायब्रेशन स्वतः बंद करता येत असेल तर उत्तम. नुसता त्याच्या शरीराचा रिपोर्ट तुमच्या मोबाईलवर येणार असेल आणि त्याला काहीच मिळणार नसेल तर तो बँड त्याचा नाहीच, तुमचा आहे.

आणि तो डेटा कुठे जातो तेही विचारा. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या डेटासाठी पालकांची पडताळून घेतलेली संमती लागते असं आहे. कंपनीला मेल टाका, डेटा डिलीट करा म्हटलं तर करणार का. उत्तर येतं का बघा, त्यावरूनच बरंच कळतं.

---

सुलक्षा_म्हापसा

मी गोव्याहून. तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर नाही, पण ते आईबापांनी समोर बसून खेळण्याचं आलं म्हणून सांगते. इथे संगाथ संस्थेने एक चाचणी केली होती, गोवा आणि पाकिस्तानात रावळपिंडी अशा दोन ठिकाणी मिळून, २ ते ९ वर्षांची ६५ मुलं होती, २०१६ मध्ये त्याचा पेपर आला. स्पेशालिस्ट नाही, ट्रेनिंग दिलेल्या साध्या आरोग्य कार्यकर्त्या घरी जायच्या. आई आणि मूल खेळताना व्हिडिओ काढायचा आणि मग आईला तोच व्हिडिओ दाखवून विचारायचं, इथे त्याने काय केलं, तू काय केलंस. एवढंच. ६ महिन्यांत १२ सेशन. आई मुलाच्या कलाने बोलायला लागली आणि मुलं आपण होऊन जास्त संवाद सुरू करायला लागली. सगळंच सुधारलं असं नाही, दोघांचं लक्ष एकाच गोष्टीवर असण्याचा वेळ उलट कमी झाला होता, तेही त्यांनी सरळ छापलंय.

मोबाईल सगळ्यांकडे आहे. मी बहिणीला तिच्या मुलासोबतचे व्हिडिओ काढून दाखवायला लागले तेव्हा तिलाच दिसलं की तो चिडायच्या खूप आधीपासून कानाची पाळी चोळायला लागतो. बँडशिवाय कळलं ते.

---

इ_अँड_टीसी_सांगली

नमस्कार. मी इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, आमच्या ग्रुपचा प्रोजेक्ट "ऑटिझमसाठी स्मार्ट बँड" असाच आहे 😅 म्हणजे होता, हे सगळं वाचून आता टेन्शन आलंय. आमचा प्लॅन ईएसपी३२ (वायफाय-ब्लूटूथवाली छोटी चिप), हृदयाच्या ठोक्यांचा सेन्सर, घामाचा सेन्सर आणि एआयने इमोशन डिटेक्शन. सरांनी एआय पाहिजेच म्हटलंय. खरंच उपयोगी पडेल असं काय बनवावं? मॅडम आणि पुण्याचे दादा प्लीज सांगा.

---

मृण्मयी_ओटी (कोल्हापूर)

अरे तू विचारलंस हेच खूप झालं. दर वर्षी आमच्या सेंटरला मुलं येतात, एक बँड दाखवतात, फोटो काढतात आणि जातात. डेमोला त्यांनी तो स्वतःच्या हातात घातलेला असतो, ऑटिस्टिक मुलाने एकदा तरी घातलाय का विचारलं तर नाही.

सेन्सर काढून टाक. मला हवंय ते अगदी साधं आहे. कापडात शिवलेलं एक मोठं बटण, मुलाने दाबलं की आईकडे किंवा बाईंकडे खूण जाते की "मला ब्रेक हवा". आणि एक छोटी व्हायब्रेशन मोटर, ज्याचा जोर मी कमी-जास्त करू शकेन, एखादी गोष्ट संपायच्या आधी हलकेच कळवायला. झालं. बोलता न येणाऱ्या मुलाने "बास" म्हणणं ही थेरपीच आहे रे, डोकं आपटण्याच्या जागी बटण आलं तर मी पेढे वाटीन. मात्र बटण दाबल्यावर ब्रेक खरंच मिळाला पाहिजे, दर वेळी, निदान सुरुवातीला तरी. नाहीतर मूल दोन दिवसांत ते सोडून देतं.

कापडाकडे लक्ष दे. शिवण आतल्या बाजूला टोचता कामा नये, वेल्क्रोचा आवाज काही मुलांना सहन होत नाही, धुता आलं पाहिजे म्हणजे सर्किट काढता आलं पाहिजे. आणि गोल बटण सेल अजिबात वापरू नको! मुलाने गिळला तर दोन तासांत अन्ननलिका जाळतो. चार्जिंगची बॅटरी, स्क्रूने बंद होणारा डबा, आणि चावून फुटणार नाही असं प्लास्टिक, कारण चावणार हे धरूनच चाल.

---

स्पेक्ट्रम_पुणे

+१. एआय पाहिजेच असेल तर सरांना सांगा बटण कधी कधी दाबलं जातं त्याचा ग्राफ काढतो, वारानुसार, वेळेनुसार. दर मंगळवारी साडेअकराला दाबतोय म्हणजे मंगळवारी साडेअकराला काय असतं ते शाळेत जाऊन बघायचं. मुलाने स्वतः दिलेला डेटा आहे तो, घामावरून काढलेला अंदाज नाही.

बोलण्यासाठी आयआयटी मुंबईचं जेलो ॲप आहे, चित्रांवर बोट ठेवलं की बोलतं, फुकट आहे. तुमच्या बटणाला त्यातल्यासारखीच चित्रं ठेवलीत तर मुलाला दोन ठिकाणी दोन भाषा शिकाव्या लागणार नाहीत.

---

अन्वयची_आई (नाशिक)

बाप रे, एवढे रिप्लाय. सगळ्यांचे मनापासून आभार. मधले काही आठवडे लिहिता आलं नाही, गणपती होते.

वही सुरू केलीये. मृण्मयी मॅडम, तुम्ही शी बद्दल लिहिलंत तेव्हा मला जरा विचित्रच वाटलेलं, पण डॉक्टरांना विचारलं आणि पोट कडक निघालं. औषध चालू आहे. रात्रीचे "काहीच कारण नसलेले" प्रकार बरेच कमी झालेत, सगळे नाही.

बँड घेतला नाही. मिस्टरांनी कंपनीला फोन करून विचारलं की मेसेज आल्यावर आम्ही काय करायचं, तर तो माणूस म्हणाला ते तुमच्या थेरपिस्टला विचारा. तिथेच विषय संपला. कानाला लावायचे जाड हेडफोन घेतले, आधी घरी मिक्सरच्या वेळी लावून बघितले मग विसर्जनाच्या दिवशी ढोल-ताशाला गॅलरीत उभा राहिला चक्क, बाबांच्या कडेवर. थोडा वेळच, पण राहिला. आता हेडफोन स्वतः आणून हातात देतो, म्हणजे तेच त्याचं "बास" झालं म्हणायचं का?

पळत नाही तो, वाशीकर दादा, पण कडी लावली.

सांगलीच्या दादा, तुझं बटण तयार झालं तर आम्ही वापरून बघायला तयार आहोत, फक्त हाताला नको, त्याच्या ट्रॅक पँटच्या खिशाला बाहेरून लावता येईल का? तो तिथे सारखा हात फिरवत असतो. कापड होजिअरीचं, मऊ. मी शिवून देईन.

---

इ_अँड_टीसी_सांगली

हो ताई, नक्की! खिशाचं माप पाठवा, रुंदी आणि खोली दोन्ही, आणि पँट आठवड्यातून किती वेळा धुता तेही सांगा म्हणजे प्रेस बटणाने निघणारं करतो. बॅटरी खिशाच्या आत, बटण बाहेर. मोबाईल लांब असेल तर ब्लूटूथ पोचणार नाही, घरात किती खोल्या आहेत? आणि सरांनी ग्राफची आयडिया मान्य केली 🙏

---

मृण्मयी_ओटी (कोल्हापूर)

हो ताई, हेडफोन आणून देणं हेच "बास". तो हेडफोन देईल तेव्हा लगेच मिक्सर बंद करा किंवा त्याला तिथून न्या, आणि शाळेत पण एक जोडी ठेवा. पूर्ण वेळ कानावर ठेवायची सवय मात्र लावू नका, गरज संपली की काढायचे. जाताजाता, निरामय विमा (ऑटिझम वगैरे असलेल्यांसाठीची सरकारी आरोग्य विमा योजना) काढला नसेल तर काढा, वर्षाला १ लाखापर्यंत कव्हर आहे आणि थेरपीची बिलं त्यात लावता येतात. त्यासाठी अपंगत्वाचा दाखला लागेल. थेरपीच्या पावत्या जपून ठेवा, साध्या कागदावरच्या नको, सही-शिक्क्याच्या घ्या.